वरचे विषय दोनच

जून १९६९, दुसरा सोमवार. सायंकाळी सव्वापाच. ठिकाण: मुख्याध्यापकांची खोली.
हजर: मुख्याध्यापक, गणिताचे सर, संस्कृतचे सर, इंग्रजीच्या बाई, आणि शास्त्र शिकवणारी व इतिवृत्त लिहिणारी मी.
गैरहजर: चित्रकलेचे सर, कळवून. मराठीच्या बाई, न कळवता.

ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे. शाळेने जुनं दप्तर रद्दीत काढलं तेव्हा इतिवृत्ताची ही एक वही मी मागून घेतली. कारण विचारलं तर अक्षर बघायला, असं सांगितलं. खरं कारण या वहीतला एक विषय आहे. त्याच्यापुढे निकाल लिहिलेला नाही, आणि कोरी जागा मला बघवत नाही.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. काही विषय दोन पातळ्यांचे असत. इंग्रजी वरचं आणि खालचं. गणिताचंही तसंच, साधं अंकगणित किंवा बीजगणित-भूमितीचं वरचं. शिवाय फिजिक्स-केमिस्ट्री, आणि शंभर मार्कांचं संस्कृत. आमच्या शाळेत या चारांना मिळून ‘वरचे विषय’ म्हणत. कोणते घ्यायचे ते दहावीच्या सुरुवातीला, जून संपायच्या आत ठरवायचं. वरच्या विषयांचे जादा तास सकाळी साडेसातला भरत. गणित सोमवार-मंगळवार, शास्त्र बुधवार-गुरुवार, इंग्रजी शुक्रवार-शनिवार. संस्कृतच्या सरांना सकाळ मिळालीच नव्हती, ते मधल्या सुट्टीत शिकवत आणि त्यांचा डबा तसाच घरी जाई.

त्या सभेत मी ठराव मांडला: कोणाही विद्यार्थ्यास दोनपेक्षा जास्त वरचे विषय देऊ नयेत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नोकरीचं तिसरं वर्ष. एवढ्या नव्या बाईने ठराव मांडावा असं काही घडलं होतं, म्हणून मांडला. त्याच मार्चमध्ये आमचा पहिल्या नंबरचा मुलगा भूमितीच्या पेपरला तासभर लिहून थांबला. उरलेला वेळ तो उत्तरपत्रिकेकडे बघत बसून राहिला. चारही वरचे विषय त्याने घेतले होते. मी त्याची वर्गशिक्षिका. त्याला पहाटे पाचपासूनचं वेळापत्रक मीच करून दिलं होतं, लाल आणि निळ्या पेन्सिलीने, पुठ्ठ्यावर चिकटवून. पेपरनंतर तो दोन महिने घराबाहेर पडला नाही. त्याची आई एकदा शाळेत आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तुमचं ते वेळापत्रक मी काढून ठेवलंय. तो आता भिंतीवरच्या कॅलेंडरकडेसुद्धा बघत नाही.” रागावली नाही. पुठ्ठा कागदात गुंडाळून परत घेऊन आली होती.

मला स्वस्थ बसणं येत नाही. चूक झाली की मी यादी करते. मेच्या सुट्टीत मी ठरवलं, की पुढच्या मुलांचं ओझं मोजायचं. शाळा उघडल्याबरोबर दहावीच्या वर्गात कोरे कागद वाटले आणि सांगितलं, कालचा तुमचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा. कोणती वेळ कशात गेली ते लिहा, खरं लिहा, मार्क नाहीत. त्या कागदांना मी दिनपत्रक म्हणायचे. ती सगळी घरी नेऊन तीन दिवस बसले आणि एक तक्ता केला. झोप, घरकाम, जाणं-येणं, अभ्यास. जिथे झोप सहा तासांखाली गेली तिथे लाल खूण.

सभेत मी तो तक्ता टेबलावर पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून गणिताच्या सरांनी त्यावर आपली पानसुपारीची डबी ठेवली. ते पन्हाळ्याकडचे, आवाजाने दणकट.

“दोन?” ते म्हणाले. “मग मी शिकवायचं कुणाला? बाकड्यांना?”

“सर, मार्चमधलं विसरू नका,” मुख्याध्यापक म्हणाले.

“विसरलो न्हाई. ते पोरगं माझ्याच वर्गात हुतं की. माझ्या पेपरला बसलं तसं.” त्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं. “लाल लई दिसतंय बाई. लाल बावट्याच्या निवडणुकीचा निकाल वाटतोय.”

इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, नियम असला की पालकांशी वाद घालावा लागत नाही, त्यांची हरकत नाही. संस्कृतचे सर शेवटी हळूच बोलले, “दोनच म्हटल्यावर आमच्याकडे कोण येणार?” मी वहीत लिहिलं: ठराव एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी वर्गात नियम सांगितला. मुलं खूश झाली. घरून चारचा आग्रह असलेली तिघं तर उघड हसली. एक मुलगी उभी राहिली.

ती नेसरीकडची होती. शिकण्यासाठी मंगळवार पेठेत आत्याकडे राहायची. आत्याच्या चार म्हशी होत्या. शहरात राहून म्हशी, यात आमच्याकडे कोणाला काही वाटत नसे. गावाकडे इंग्रजी आठवीत सुरू झालं म्हणून त्यात ती मागे होती. गणितात मात्र तिला मागे टाकणारं कोणी नव्हतं. उत्तर सांगताना ती वहीतल्या ओळीवर बोट ठेवून बोलायची, जणू बोट उचललं तर ओळ निघून जाईल.

“बाई, तीन घेतले तर चालंल?”

“नियम दोनचा आहे.”

“गणित आणि शास्त्र तर घ्यायलाच पायजे, सायन्सला जायचं म्हणजे. मग इंग्लिश ऱ्हातंय.”

“खालचं घे की.”

“माझा चुलतभाऊ गेलता सायन्सला, खालचं घेऊन. पहिल्या दिवसापासनं सगळं इंग्लिशमधनं. त्याला गणित येत हुतं, पर सर काय बोलत्यात त्येच कळंना. दिवाळीला ट्रंक घेऊन परत आला.”

मला हे माहीत होतं. मी स्वतः कॉलेजचं पहिलं वर्ष तसंच काढलं होतं, रोज रात्री शब्दकोश उघडून. तरी मी म्हणाले, “खालचं घे आणि घरी वाचत जा.”

“घरी कुणाबरोबर बोलू इंग्लिश? म्हशींबरोबर?”

वर्ग हसला. मीही हसले. ती हसली नाही, बोट तसंच ठेवून उभी राहिली. मग मी सांगितलं, अर्ज कर, मी वर देते. नियमात अर्जाची सोय नव्हती. पण तो क्षण टाळायला ते बरं पडलं.

अर्ज दुसऱ्याच दिवशी आला. तो त्या वहीतच टाचणीने लावलेला आहे, म्हणून जसाच्या तसा देते. ‘माननीय मुख्याध्यापक यांस. मला गणित व शास्त्र या विषयांबरोबर वरचे इंग्रजी घेण्याची परवानगी मिळावी. मला वेळ मिळतो. तीन विषय झेपले नाहीत तर दिवाळीनंतर मी स्वतः होऊन एक सोडीन. तसे लिहून देते. कळावे.’

पन्नास वेळा वाचला असेल आजवर. त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. पण तेव्हा मी काय केलं? ‘मला वेळ मिळतो’ या वाक्याखाली लाल रेघ ओढली. कारण तिचं दिनपत्रक माझ्याकडे होतं. साडेचारला उठणे. शेण काढणे. पाच ते साडेसात धारा व रतीब. संध्याकाळी सहा ते आठ गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन जाणे, धार काढून देणे. अभ्यास नऊ ते अकरा. झोप साडेपाच तास. माझ्या तक्त्यात तिच्या नावासमोर लाल खूण होती. मला वाटलं, मुलीने अर्जात खोटं लिहिलंय. मी ते दिनपत्रक अर्जाला जोडलं आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘सोबतचे पत्रक पाहावे.’

मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद वाचले. “अर्ज चांगला आहे हो. पण हे बघता…” त्यांनी पत्रकावर चष्मा ठेवला. “आणि एकीला दिलं की उद्या रांग लागेल. असं करा, जुलैच्या सभेत ठेवा. सगळ्यांच्या डोक्याने होऊ दे.”

“जूनअखेर विषय ठरवायचे असतात.”

“तोवर दोन शाईने लिहा, तिसरा पेन्सिलीने.”

तसं केलं, आणि पुढच्या सभेत ठरेल असं तिला सांगितलं. वर्गाच्या यादीत तिच्यासमोर गणित शाईने, शास्त्र शाईने, इंग्रजी पेन्सिलीने.

जुलैच्या सभेला विषय नऊ होते. माझी एक सवय आहे, सोपं काम आधी. दहा कामं असतील तर सहा पटकन उरकायची, काट मारायची आणि मग अवघडाला हात घालायचा. घरच्या यादीला हे ठीक आहे. सभेची विषयपत्रिकाही मी तशीच लावली. पंख्याची दुरुस्ती, नकाशे, सहलीची वर्गणी, पाण्याची टाकी. तिचा अर्ज नववा.

टाकीच्या विषयात कबूतर निघालं. आठवड्यापूर्वी टाकीत कबूतर मरून पडलं होतं आणि दोन दिवस मुलं तेच पाणी प्यायली होती.

“झाकण कुणी उघडं टाकलं?” मुख्याध्यापक म्हणाले.

“झाकण हायच कुठं उघडं टाकायला?” गणिताचे सर म्हणाले. “तीन वर्षं पत्रा ठेवलाय आणि पत्र्यावर धोंडा. वारं आलं की पत्रा वैभववाडीला.”

चित्रकलेचे सर म्हणाले, मुलांना जुलाब कोणाला झाले ते विचारायला हवं. गणिताचे सर म्हणाले, मास्तरांना झाले त्येबी लिहा. हसणं, मग खर्च कुणी करायचा, मग शिपायाला बोलावणं. साडेसहा वाजले. इंग्रजीच्या बाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. मी म्हणाले, “एक अर्ज राहिलाय.”

“पुढच्या सभेत घ्या की,” मुख्याध्यापक म्हणाले.

वहीत आहे: विषय क्रमांक नऊ, विद्यार्थिनीचा अर्ज. पुढील सभेत. त्यापुढे मी निकालासाठी दोन ओळी जागा सोडली.

ऑगस्टची सभा झालीच नाही, आधी पाऊस आणि मग गणपती. तेवढ्यात जादा तास पूर्ण वेगात सुरू झाले होते. सोमवार ते गुरुवार ती मुलगी धावत यायची, केस ओले, हातात रिकामा कॅन. दाराशी ठेवून आत बसायची. शुक्रवार-शनिवार तिला यायचं कारण नव्हतं. पण शाळेसमोरच्या घरी तिचा रतीब होता, आणि इंग्रजीच्या वर्गाची खिडकी रस्त्याकडे. एका शुक्रवारी मी प्रयोगशाळेतून बघत होते. दूध घालायला दोन मिनिटं लागतात. ती तेरा मिनिटं तिथे होती. मी घड्याळ लावून मोजलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मोजलं. त्यानंतर मला शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत काही सुचेना. बाटल्या पुसायचे, लेबलं बदलायचे, पुन्हा खिडकीशी यायचे.

तरी मुख्याध्यापकांकडे गेले नाही. सभा येईल, विषय येईल, असं धरून चालले होते.

गणपतीनंतर एका दुपारी तिची आत्या शाळेत आली. उंच बाई, काष्टा घातलेली, डोक्यावर पदर. व्हरांड्यातूनच आवाज आला. “शास्त्राची बाई कोण हाय?”

मी बाहेर आले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्हीच व्हय? मला वाटलं म्हातारी असंल.”

“बसा ना.”

“बसाय आलो न्हाई. म्हशी सोडायच्या हायत. माझ्या भाचीला इंग्लिशच्या वर्गात जागा न्हाई म्हणं.”

“जागेचा प्रश्न नाही,” मी म्हणाले.

“ती तर तसंच म्हणाली. जागा भरली म्हणून. मग काल शेजारच्या वकिलीणबाई सांगत्यात, वर्गात दहा पोरं बसत्यात. दहा! माझ्या गोठ्यात त्यापेक्षा जास्त मावतील.”

मुलीने घरी नियम सांगितलाच नव्हता. जागा नाही, एवढंच सांगितलं होतं. मला तेव्हा ते का, ते कळलं नाही. मी आत जाऊन वही आणली, तिचं दिनपत्रक काढलं आणि आत्याला वाचून दाखवलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. साडेचारला उठणे, शेण, धारा, रतीब, दूध कट्टा. मी एकेक ओळ सावकाश वाचली. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आता ही ओशाळेल.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. “व्हय. खरं हाय. मग?”

“मग तिसरा विषय तिला झेपायचा कसा? आम्ही तिच्या भल्यासाठीच…”

“थांबा बाई. कामं लई हायत म्हणून तुम्ही इंग्लिश कमी केलं?”

“हो.”

“म्हशी का कमी केल्या न्हाईत?”

मी पत्रक पुन्हा वरपासून बघितलं.

“म्हशी माझ्या हायत,” ती म्हणाली. “पोरीच्या न्हाईत. ह्यो कागद जूनमधला हाय न्हवं? जूनमधी मला एक सांगावा धाडला असता, आत्याबाई, पोरीला सकाळी मोकळी सोडा. शेजारीण रतीब घालायला एका पायावर तयार हाय, मीच नको म्हणत हुतो, पोरीच्या हाताला काम असू दे म्हणून. कुणी इचारलं मला?”

“ती बोलली नाही का?”

“ती कशी बोलंल? माझ्यात ऱ्हाती, माझं खाती. तिनं म्हणायचं व्हय, आत्या मी शेण काढत न्हाई? ते तुम्ही म्हणायचं. तुम्ही कागद लिहून घेतला न्हवं? का नुसता लिहूनच घेतला?” मग जरा थांबून तिने विचारलं, “नियम कुणी केला?”

“सभेने.”

“सभेत तुम्ही हुता का?”

“होते.”

“मग बोला की!”

एवढं बोलून ती गेली. जाताना फाटकाशी शिपायाला म्हणाली, “बाई चांगली हाय रं, पर कागदातच बघती.” हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याला मजा वाटत होती.

मी तशीच इंग्रजीच्या बाईंकडे गेले. त्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा लावत होत्या. मी सगळं सांगितलं. सकाळ मोकळी होतेय, मुलगी लिहून द्यायला तयार आहे, उद्यापासून बसू द्या.

“दोन महिने झाले,” त्या म्हणाल्या. “निम्मं पुस्तक झालंय. ती आधीच कच्ची. आणि नियम तुम्हीच मांडलात ना? मला तर चारही चालत होते.”

“मांडला. चुकलं असेल.”

“असेल? मग तसं सभेत म्हणा. मी आज हिला घेतलं आणि उद्या त्या चार मागणाऱ्या तिघांचे वडील आले, तर काय सांगू? म्हशी नाहीत म्हणून तुम्हाला नाही?”

त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. त्या तिघांनीही नियमामुळे वरचं इंग्रजी सोडलं होतं. फरक इतकाच, की ती मुलं संध्याकाळी खासगी क्लासला जाऊन इंग्रजीच शिकत होती. नियमाने शाळेतला तास काढला, त्यांना तो बाहेर मिळाला. नेसरीच्या मुलीला बाहेर काही नव्हतं. हे माझ्या तक्त्यात आलं नव्हतं, कारण तक्ता जूनमधला आणि क्लास जुलैत सुरू झाले.

मग मी माझ्या पद्धतीने उपाय काढला. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं मी शब्दकोश उघडून तिला शास्त्राचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचे. आत्याने खरोखरच तिचं सकाळचं काम बंद केलं. मुलगी साडेसहापर्यंत झोपू लागली, चेहरा बदलला. वाचताना शब्द अडला की बोट उचलायची नाही, माझ्याकडे बघायची. “बाई, हे असं का म्हणत्यात? सरळ का बोलत न्हाईत?” मला हसू यायचं. सप्टेंबर, ऑक्टोबर असं चाललं. दिवाळीनंतर प्रयोगशाळेची साठा तपासणी माझ्यावर आली. आठवडाभर खाडा, मग पुन्हा चार दिवस, मग तिची चाचणी, मग माझं लग्न ठरलं. बंद कुठल्या दिवशी पडलं ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे त्याची नोंद नाही.

सप्टेंबरच्या सभेत मी तिचा अर्ज पहिला विषय म्हणून ठेवला होता. मुख्याध्यापक म्हणाले, “आता तिला दोन महिने मागून कसं घेणार? पुढच्या वर्षासाठी नियमाचा फेरविचार करू.” मी विचारलं, मग अर्जावर काय लिहू, मंजूर की नामंजूर? ते म्हणाले, “नामंजूर असं लिहू नका हो, मुलीला वाईट वाटेल. राहू दे तसाच.” गणिताचे सर पुटपुटले, “नामंजूर परवडलं की.” मी जागा कोरी ठेवली. यादीतली पेन्सिल मात्र खोडावी लागली.

मॅट्रिकला ती वरच्या गणितात शाळेत पहिली आली. सायन्सला प्रवेश मिळाला. त्यानंतरच्या जानेवारीत मी नवऱ्याबरोबर गंगावेशीत दूध प्यायला गेले होते, समोर आत्या म्हशीशेजारी उभी. तिने मला ओळखलं.

“आली की परत,” ती म्हणाली, मी काही विचारायच्या आत. “सर बोलत्यात, ही बघती. पोरं वहीत लिहित्यात, ही बघती. गणिताचा पेपर आला, इंग्लिशमधनं. हिला उत्तर येतंय, पर प्रश्न काय हाय? आता डी. एड. करती म्हणती. करू दे. मास्तरीण झाली तर काय वाईट हाय?” आणि मला दुधाचा पेला देत म्हणाली, “प्या बाई. माझ्याच म्हशीचं हाय.”

मी प्यायले. गरम फेस ओठाला लागला आणि ते दूध संपता संपेना.

त्या मार्चमधल्या मुलाचंही सांगायला हवं, नाहीतर हिशेब एका बाजूचा होईल. तो पुढच्या वर्षी दोनच वरचे विषय घेऊन बसला आणि पास झाला. आज पाटबंधारे खात्यात आहे, रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरतो. म्हणून नियम निव्वळ चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी मॅट्रिक दहावीवर आली, वरचं-खालचं सगळंच बदललं आणि नियम आपोआप मेला. तो रद्द करण्याचा ठराव कधीच झाला नाही.

आता अलीकडची गोष्ट. या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी एसटी स्टँडवर उभी होते. गडहिंग्लजच्या गाडीजवळ एक बाई, खांद्याला जड पिशवी, पिशवीत वह्यांचा गठ्ठा. तिनेच हाक मारली.

“बाई! सभा झाली का?”

क्षणभर कळलं नाही. मग तिचं बोट बघितलं, वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं. मी हसले, आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. ती मात्र मोकळेपणाने हसत होती. गावाकडच्या शाळेत सातवीला शिकवते. गणित तीच घेते, आणि इंग्रजीही.

“इंग्लिश कसं घेतेस?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“शब्दकोश उघडून. तुम्ही घेत हुता तसंच.” कंडक्टरने घंटी मारली. तिने पिशवी उचलली आणि एकदम गंभीर झाली. “बाई, एक विचारायचं हुतं, बरं झालं भेटलासा. माझ्या वर्गात एक पोरगी हाय. तिला स्कॉलरशिपला बसायचंय, चित्रकलेच्या परीक्षेला बसायचंय आणि हिंदीच्याबी. तिन्ही एकाच वर्षी. आमचे हेडमास्तर म्हणत्यात, दोनच. मागं एक पोरगं आजारी पडलंय तसं. मला काय ठरवंना. घरी जाऊन बोलून आलोय, तिथं काय अडचण न्हाई, काम कमी केलंय. पर पोरगी वाळलीया. बसू दे का नको?”

“असं उभ्या उभ्या कसं सांगू?”

“मग लिहून कळवा. हा पत्ता.” तिने वहीचं मागचं पान फाडून दिलं. “पर सभेत ठेवू नका.”

गाडी सुटली.

पत्र लिहायला मी त्याच आठवड्यात बसले. ‘दोनच बसू दे’ असं लिहिलं आणि शुक्रवारची ती खिडकी आठवली. फाडलं. ‘तिन्हीला बसू दे’ असं लिहिलं आणि तो पुठ्ठा आठवला, कागदात गुंडाळून परत आलेला. तेही फाडलं. घरी विचार, हे सांगता आलं असतं, पण ते तिने माझ्याआधीच केलंय. माझ्याकडे जे होतं ते तिच्याकडे आधीच आहे, आणि परीक्षेचे अर्ज भरायची मुदत या महिनाअखेर आहे.

आजची यादी सकाळी सहाला केली. १. रॉकेलचा डबा. २. विजेचं बिल. ३. गिरणीतून पीठ. ४. दहावीचे प्रयोग लावणे. ५. सासूबाईंची औषधं. ६. छत्रीची दांडी. ७. तिला पत्र.

पहिल्या सहांवर काट मारून झाली आहे. टेबलावर पत्त्याचं पान आहे, कोरा कागद आहे, पेनात शाई भरून घेतली आहे. तारीख घातली आहे. त्याखाली अजून काही लिहिलेलं नाही.